दिशा बदलताना

इशाची नमाज आटोपून मशिदीचे दिवे मालवत असताना एक गृहस्थ मागे थांबले. वसई पूर्वेच्या औद्योगिक पट्ट्यात त्यांचा यंत्रांचे सुटे भाग बनवणारा गाळा आहे. पाच वक्तांचे नमाजी, जकात चोख काढणारे, पगाराची तारीख न चुकवणारे. ते म्हणाले, “मौलाना, मी गाळ्यात दोन सीएनसी यंत्रे आणली. कुणालाही कामावरून काढले नाही. कुणाच्या पगारातून एक रुपया कमी केला नाही. तरी माझी जुनी माणसे माझ्याशी धड बोलत नाहीत. मी कुणाचा कोणता हक्क मारला, एवढे तरी सांगा.”

मला तत्काळ उत्तर देता आले नाही. कारण त्यांच्याच गाळ्यातील एक कारागीर त्याच आठवड्यात माझ्यापाशी बसून गेला होता. बावीस वर्षे लेथवर काम केलेला माणूस. हत्याराच्या आवाजावरून त्याची धार गेली की नाही, हे ओळखणारा. साप्ताहिक सुट्टीनंतर तो कामावर गेला, तेव्हा त्याचे लेथ भिंतीशी सरकवलेले होते आणि त्यावर ताडपत्री पडली होती. जागी नवे यंत्र आणि त्यापाशी आयटीआय झालेला एक तरुण उभा होता. ‘तुम्ही आता तयार माल मोजून घ्या, पगार तोच राहील,’ एवढेच त्याला सांगण्यात आले. मला तो म्हणाला, “मौलाना, पगार तोच आहे. पण बावीस वर्षं मी जे केलं, ते काय होतं, हेच आता कळेनासं झालंय.”

प्रिय वाचकहो, दोघांच्याही परवानगीने आणि नाव-ठाव न देता ही हकिकत येथे मांडत आहे. दोघेही सज्जन, दोघेही एकाच सफेत नमाज अदा करणारे. तरीही त्यांच्यात काहीतरी तुटले. ते काय तुटले आणि त्याची जबाबदारी कोणावर, हा या लेखाचा प्रश्न आहे.

हा प्रश्न केवळ गाळ्यांपुरता नाही. 3 जुलै 2009 रोजी चार नगरपरिषदा आणि अनेक ग्रामपंचायती एकत्र करून वसई-विरार महानगरपालिका अस्तित्वात आली, तेव्हा लिपिकापासून सफाई कामगारापर्यंत अनेकांचे कार्यालय, साहेब आणि कामाची रीत बदलली. 1 ऑगस्ट 2014 रोजी पालघर जिल्हा वेगळा झाला आणि ठाण्याला जाणारी फाईल पालघरच्या वाटेला लागली. 1 एप्रिल 2019 रोजी देना बँक आणि विजया बँक या दोन्ही बँक ऑफ बडोदामध्ये विलीन झाल्या. बदल हा जगाचा नियम आहे. तुम्ही मालक असा, मुख्याध्यापक असा, शाखा व्यवस्थापक असा किंवा मशिदीचे विश्वस्त असा. कधीतरी तुमच्या हाताखालील माणसांना तुम्ही सांगणार आहात की उद्यापासून हे असे नसेल. ते कसे सांगाल?

न्याय आणि एहसान

प्रथम त्या गृहस्थांच्या बाजूने जे बोलावे लागेल, ते बोलू. इस्लामी फिक्हमध्ये मालक आणि मजूर यांचे नाते ‘इजारा’ या कराराच्या चौकटीत येते. श्रम ठरलेले, मोबदला ठरलेला. यंत्र मालकाचे, जागा मालकाची, व्यवसायाची जोखीम मालकाची. जुने यंत्र काढून नवे बसवणे त्याच्यासाठी जायज आहे. करार मोडला नाही, मजुरी अडवली नाही, झेपणार नाही असे ओझे लादले नाही, तर कोणताही मुफ्ती त्याला दोषी ठरवणार नाही. मजुरीच्या बाबतीत तर शरीअत अत्यंत कठोर आहे. मजुराकडून पुरते काम करून घेऊन त्याची मजुरी न देणाऱ्याविरुद्ध कयामतच्या दिवशी आपण स्वतः वादी म्हणून उभे राहू, असा इशारा अल्लाहने दिल्याचे सहीह बुखारीतील हदीसमध्ये आले आहे. आमचे गृहस्थ या इशाऱ्याच्या कक्षेत येत नाहीत.

मग चुकले कोठे? सूरह अन-नहलमध्ये (16:90) अल्लाह न्यायाची आज्ञा देतो आणि त्याच वाक्यात एहसानचीही आज्ञा देतो. न्याय विचारतो, देणे दिलेस का? एहसान विचारतो, देताना समोरच्या माणसाकडे पाहिलेस का? केवळ न्यायावर हिशेब पुरा होतो, पण संबंध उभा राहत नाही. हजरत अबू जर (रजि.) यांच्याकडून आलेल्या प्रसिद्ध हदीसमध्ये प्रेषितांनी (स.) हाताखालच्या माणसांना ‘भाऊ’ म्हटले आहे. ज्यांना अल्लाहने तुमच्या हाताखाली दिले, ते तुमचे बांधव आहेत. आपण जे खाऊ ते त्यांना द्यावे, न झेपणारे काम देऊ नये आणि द्यावेच लागले तर स्वतः हात लावावा, असा त्या उपदेशाचा आशय आहे. आता विचार करा. घरातील वडील भावाची खोली बदलायची असेल, तर आपण त्याला ताडपत्रीकडून निरोप पाठवतो का?

आपल्या या किनाऱ्याने हा विचार फार पूर्वी ऐकला आहे. कळंबच्याच किनारपट्टीवरील भुईगाव येथे 1956 मध्ये सम्राट अशोकाच्या नवव्या शिलालेखाचा एक तुकडा सापडला. लोक लग्नकार्यात, आजारपणात, प्रवासाला निघताना नाना मंगलविधी करतात, त्यांवर बोलून खरा मंगलाचार कोणता, हे तो लेख सांगतो. आणि त्या यादीत दास व सेवक यांच्याशी योग्य वागणूक ही गोष्ट येते. सुमारे सव्वादोन हजार वर्षांपूर्वीच्या सोपारा बंदरातील व्यापाऱ्यांनाही हे दगडावर कोरून सांगावे लागले, म्हणजे विसरण्याची सवयही तितकीच जुनी आहे.

किब्ला बदलला तेव्हा

माझ्या मते या प्रश्नाचे सर्वांत सखोल उत्तर किब्ला परिवर्तनाच्या घटनेत आहे. हिजरतनंतर सोळा-सतरा महिने मुसलमान बैतुल मक्दिसकडे तोंड करून नमाज अदा करीत होते. मग आज्ञा आली आणि दिशा काबागृहाकडे वळली. मदीनेहून बैतुल मक्दिस उत्तरेला आणि मक्का दक्षिणेला. म्हणजे हा बदल थोडे डावे-उजवे वळण्याचा नव्हता. पाठ होती तिकडे तोंड करण्याचा होता.

आज्ञा स्पष्ट होती आणि अनुयायी निष्ठावंत होते. तरीही त्यांच्या मनात एक प्रश्न उभा राहिला, तो हजरत बरा बिन आजिब (रजि.) यांनी सांगून ठेवला आहे. आपले काही बांधव जुन्या दिशेकडे नमाज अदा करीत असतानाच हे जग सोडून गेले, त्यांचे काय? लक्षात घ्या, हा प्रश्न नव्या दिशेबद्दलच्या शंकेचा नाही. जे केले ते वाया गेले काय, ही त्यामागची वेदना आहे. या प्रश्नावर अल्लाहने त्यांना दरडावले नाही. सूरह अल-बकरहमध्ये (2:143) उत्तर अवतरले की अल्लाह तुमची श्रद्धा वाया जाऊ देणारा नाही, तो लोकांवर अत्यंत ममताळू आणि दयाळू आहे. येथे श्रद्धेचा अर्थ त्या जुन्या दिशेने अदा केलेल्या नमाजा असा आहे, हे भाष्यकारांनी स्पष्ट केले आहे. त्याच आयतीत हा बदल जड होता, अशी कबुलीही आहे.

आता त्या कारागिराचे वाक्य पुन्हा आठवा. त्याने पगार मागितला नव्हता, जुने लेथही मागितले नव्हते. त्याचा प्रश्न सहाबांच्या त्या प्रश्नाच्याच जातीचा होता: माझी बावीस वर्षांची नमाज कुठे गेली? त्याचे उत्तर एका वाक्यात देता आले असते. “भाई, हा गाळा उभा राहिला तो तुमच्या हातांवर; हे यंत्र घेण्याइतके पैसे त्याच हातांनी मिळवून दिले.” हे वाक्य खरे होते, फुकट होते आणि ते कुणीही उच्चारले नाही.

या घटनेत आणखी एक सूक्ष्म गोष्ट आहे. कुबा येथे फज्रची नमाज चालू असताना ही बातमी पोहोचली आणि लोक नमाजमध्येच वळले. सर्वांत पुढे उभा असलेला इमाम अशा वळणानंतर सर्वांत मागे पडतो. सफांना तोंड फिरवून जागा सावरायची असते. इमामाला मात्र मशिदीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जावे लागते. हदीसच्या भाष्यकारांनी या हालचालीचे वर्णन केले आहे. मी स्वतः इमाम असल्याने कदाचित, पण हे चित्र माझ्या मनातून जात नाही. दिशा बदलते तेव्हा सर्वांत जास्त चालायचे असते ते पुढे उभ्या असलेल्याने.

आधी सांगणे, आधी ऐकणे

हुदैबियाच्या प्रसंगी (हिजरी 6) सहाबा उमराहच्या ओढीने निघाले होते आणि तह करून परत फिरण्याची वेळ आली. कुर्बानी करा आणि केस उतरवा, असे प्रेषितांनी (स.) तीन वेळा सांगितले, दुःखाने सुन्न झालेले लोक उठले नाहीत. ते हजरत उम्मे सलमा (रजि.) यांच्या तंबूत गेले. त्यांनी सल्ला दिला की कुणाशी काही न बोलता स्वतः बाहेर जाऊन आपली कुर्बानी करावी आणि केस उतरवून घ्यावेत. तसे होताच सारे उठले. न उठणाऱ्यांना येथे बंडखोर ठरवले गेले नाही. त्यांचे थिजलेपण हे दुःख आहे, हे एका स्त्रीने ओळखले आणि प्रेषितांनी (स.) तिचे ऐकले.

हुनैननंतरच्या (हिजरी 8) वाटपाने अन्सार दुखावले, तेव्हाही त्यांना वेगळे बोलावून त्यांची तक्रार प्रेषितांनी (स.) स्वतःच्या तोंडाने मांडली: आम्ही तुम्हाला आसरा दिला, लोकांनी खोटे ठरवले तेव्हा आम्ही खरे मानले, असे तुम्ही म्हणाल तर ते सत्यच असेल. आपले म्हणणे वरच्याच्या तोंडून इतक्या न्यायाने ऐकल्यावर त्यांच्या दाढ्या आसवांनी भिजल्या. वाटप बदलले नाही, मने मात्र फिरली.

सूरह आले इमरानमध्ये (3:159) हा क्रमच सांगितला आहे: मृदुता, क्षमा, त्यांच्याशी मसलत, मग निर्धार आणि त्यानंतर अल्लाहवर भरवसा. मसलत निर्धाराच्या आधी आहे, हे विसरू नये. निर्णय पक्का करून मग ‘तुमचे मत सांगा’ म्हणणे ही मसलत नव्हे, ते नाटक आहे.

देशाच्या कायद्यानेही हा क्रम काही प्रमाणात मान्य केला आहे. 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात अशी तरतूद होती की मजुरी, कामाचे तास, पाळ्या इत्यादी ठरावीक बाबतींत बदल करायचा असल्यास मालकाने 21 दिवस आधी सूचना द्यावी. ज्या यांत्रिक सुधारणेमुळे माणसे कमी होण्याचा संभव आहे, तीही त्या यादीत होती. नव्या औद्योगिक संबंध संहितेतही या सूचनेची अट आहे. कायदा सूचनेवर थांबतो. श्रद्धावंताने तेथून सुरुवात करावी.

हे न झाल्यास काय होते, हे मुंबईने पाहिले आहे. 1920 च्या दशकाच्या अखेरीस काही गिरण्यांनी कार्यक्षमतेच्या नावाखाली नवी पद्धत आणली. दोन माग सांभाळणाऱ्या विणकराने तीन सांभाळावेत, कताई खात्यातील माणसाने यंत्राच्या एका बाजूऐवजी दोन्ही बाजू पाहाव्यात. 1928 च्या एप्रिलपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत सुमारे दीड लाख कामगार संपावर राहिले. या संपाची कारणे अनेक होती, पण बदल सोसायचा कोणी, हा प्रश्न त्याच्या मुळाशी होता. मदनपुऱ्यातील आपले मोमीन विणकरही याच गिरण्यांमध्ये काम करीत. पुढे 18 जानेवारी 1982 रोजी सुरू झालेल्या संपानंतर गिरणगावच संपले आणि त्यातील कितीतरी कुटुंबे विरार-नालासोपाऱ्याकडे आली. तुमच्या शेजारीही असा एखादा वृद्ध असेल. त्याला विचारून पाहा. पैशाचा हिशेब तो क्वचित सांगेल. “आम्हाला कुणी काही विचारलंच नाही,” हे मात्र नक्की सांगेल.

माझी स्वतःची चूक

हे सर्व लिहिण्याचा अधिकार मला सहज मिळालेला नाही. काही वर्षांपूर्वी मी एका मशिदीत नव्याने इमाम झालो, तेव्हा तेथील वयोवृद्ध मुअज्जिन दररोज रात्री फळ्यावर खडूने दुसऱ्या दिवसाच्या नमाजांच्या वेळा लिहीत. अक्षर वाकडे होते. एका दात्याने विजेवर चालणारे घड्याळ दिले, ज्यात वर्षभराच्या वेळा आपोआप दिसतात. मी उत्साहाने ते बसवले आणि फळा उतरवून वजूखान्यामागे ठेवला. त्या रात्री चाचांनी विचारले, “मौलाना, मग आता मी काय लिहू?” मी हसून म्हणालो, “आता लिहायचं काही नाही, चाचा. तुम्ही आराम करा.”

मला वाटले, मी सहृदयपणे बोललो. काही दिवसांनी चाचा अजानच्या अगदी वेळेवर येऊ लागले. पूर्वी ते अर्धा तास आधी येत. मला उमगायला तीन महिने लागले की ‘आराम करा’ या शब्दांत मी त्यांना दुआ दिली नव्हती, रजा दिली होती. मी त्यांच्या घरी जाऊन माफी मागितली, फळा पुन्हा लावला. ते म्हणाले, “माफ केलं, बेटा.” पण खडू त्यांनी पुन्हा हातात घेतला नाही. माफी मिळते, वाचकहो. गेलेली गोष्ट परत येईलच असे नाही. म्हणूनच ती आधी जपावी लागते.

दया ही युक्ती होऊ नये

आजकाल व्यवस्थापनाच्या वर्गांमध्ये समानुभूती शिकवली जाते. कामगारांशी गोड बोला, बदल सुरळीत होईल, उत्पादन वाढेल. उत्पादन वाढत असेल तर आनंदच आहे. पण ज्या दयेचे कारण उत्पादन आहे, ती उत्पादन घटताच संपणार. अरबीत ‘रहमत’ आणि आईच्या उदराला म्हणतात तो ‘रहिम’ यांचे मूळ एकच आहे. आई मुलाला जपते, ते काही वसुलीच्या आशेने नव्हे. आपली परीक्षा एका प्रश्नाने घ्यावी: या माणसाशी चांगले वागून माझा काहीच फायदा होणार नसेल, तो उद्या कामावरच येणार नसेल, तरी मी असाच वागेन का?

कारण कधीकधी खरोखरच माणसे कमी करावी लागतात. तेव्हा गोड शब्दांआड सत्य लपवणे ही दया नसून फसवणूक आहे. ‘काही काळजी करू नका’ असे सांगून मागल्या दाराने यादी तयार करणाऱ्यापेक्षा समोर बसून कटू सत्य सांगणारा अधिक दयाळू होय. स्पष्ट सांगावे, वेळेत सांगावे, देणे एकरकमी चुकते करावे, दुसऱ्या ठिकाणी शब्द टाकावा आणि शिकण्यास अवधी द्यावा. मद्यपानाची बंदीसुद्धा अल्लाहने एका फटक्यात आणली नाही. प्रथम त्यात लाभापेक्षा पाप मोठे असल्याचे सांगितले (2:219), मग नशेत नमाजजवळ येण्यास मनाई केली (4:43) आणि शेवटी पूर्ण बंदी आली (5:90). जो सर्व काही करण्यास समर्थ आहे, त्याने माणसाच्या सवयीला वेळ दिला. आपण एका सुट्टीत सर्व काही उलटवू पाहतो.

कारागिराचीही जबाबदारी आहे. नवे शिकण्यास नकार देणे, तरुणाला मुद्दाम अडवणे, आपल्या हातातील कसब लपवून ठेवणे, हेही अमानतीत खोट करण्यासारखे आहे. किब्ला बदलल्यावर कुबाच्या लोकांनी वळण्यास उशीर केला नाही. मात्र वळणाऱ्याला धीर देण्याचे काम त्याचे नव्हे. ते वळवणाऱ्याचे आहे.

त्या गृहस्थांना मी यातील थोडेच सांगितले. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “यंत्र तर बसले, मौलाना. आता काय करू?” मी म्हणालो, “हाजीसाहेब, त्यांना बोलावू नका. तुम्ही त्यांच्याकडे जा.” पुढच्या जुम्याला तो कारागीर भेटला. शेठ घरी आले होते, चहा घेतला, उशीर झाला म्हणून माफी मागितली, असे त्याने सांगितले. आता तो तरुण हत्याराची धार आणि धातूचा कस त्याला विचारून ठरवतो. जुने लेथ मात्र भंगारात गेले. त्याबद्दल तो काही बोलला नाही आणि मीही विचारले नाही.

वाचकहो, तुमच्या हाताखाली एकच माणूस असो वा हजार, उद्या त्यांची दिशा बदलण्याची वेळ आली तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. जुन्या दिशेने केलेली त्यांची मेहनत वाया गेली नाही, हे त्यांना सर्वांत आधी सांगा. आणि वळताना सर्वांत जास्त तुम्ही चाला.

अल्लाह आपणा सर्वांना न्यायासोबत एहसानची सद्बुद्धी देवो आणि कुणाचेही कष्ट वाया जाऊ न देवो. आमीन.